जळकं ऑइल

नेरिडा पॅस्कोने गाडी थिओच्या गॅरेजवर नेली तेव्हा तिच्या मनात सगळं ठरलेलं होतं. गिअरबॉक्सचं ऑइल बदलायचं आणि तेही पूर्ण, अर्धंमुर्धं नाही. शेजारच्या कडिना गावातल्या एका मोठ्या दुकानात मशीन लावून जुनं ऑइल शेवटच्या थेंबापर्यंत ओढून काढतात आणि त्याच वेळी नवीन भरत जातात, असं तिने रेडिओवरच्या जाहिरातीत ऐकलं होतं. थिओकडे तसलं मशीन नव्हतं. पण थिओला विचारल्याशिवाय तिने या गाडीचा वायपरसुद्धा कधी बदलला नव्हता, म्हणून आधी त्याच्याकडे.

थिओ कुलूरिस लहानपणी ती चालवायची त्या शाळेच्या बसमध्ये बसायचा. आता डोक्यावरचे केस गेले, पोट सुटलं, तरी तो तिला मिसेस पॅस्कोच म्हणे, आणि तीही त्याला मागच्या सीटवर मस्ती करणारा पोरगा असल्यासारखीच दटावे.

गाडी केल्विनची, तिच्या नवऱ्याची. मोठी, उंच, ऑटोमॅटिक, मागे कॅराव्हॅन, म्हणजे चाकांवरचं छोटं घर, ओढायला घेतलेली. निवृत्त झाल्यावर दोघांनी कॅराव्हॅन घेऊन पश्चिमेला जायचं, नलारबॉरच्या सपाटीवरून बाइटच्या आखाताच्या कड्यापर्यंत, जिथे हिवाळ्यात, म्हणजे इकडच्या जून ते सप्टेंबरात, देवमासे पिलं घालायला येतात, असा त्याचा बेत होता. केल्विन निवृत्त झाला आणि वर्षाच्या आत हृदयविकाराने गेला. कॅराव्हॅन शेडमध्ये उभी राहिली. मग शेजारची जोसलिन म्हणाली, आपण दोघी जाऊ. जोसलिन म्हणजे कुंपणापलीकडची, नवरा सोडून गेल्यापासून एकटी राहणारी, हॉस्पिटलच्या स्वयंपाकघरात उभा जन्म काढलेली. केल्विन गेल्यानंतरचे पहिले काही महिने नेरिडाला जेवायला कोणी लावलं असेल तर तिने. त्यामुळे ती "आपण दोघी" म्हणाली तेव्हा नेरिडाला बेत पुन्हा जिवंत झाल्यासारखं वाटलं होतं.

तो बेत दरवर्षी पुढे ढकलला गेला. एकदा घराचं छप्पर निघालं, एकदा जोसलिनची आई आजारी पडली, आणि गेल्या हिवाळ्यात नेरिडाच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. पण या वर्षी काही झालं तरी जायचंच होतं. हिवाळा लागला की निघायचं. दर गुरुवारी संध्याकाळी जोसलिन यायची, दोघी स्वयंपाकघरातल्या टेबलावर नकाशा पसरायच्या आणि चहा गार होईपर्यंत कुठे मुक्काम करायचा यावर वाद घालायच्या.

थिओने गाडी रॅम्पवर चढवली, खाली शिरला आणि थोड्या वेळाने एका पांढऱ्या कागदावर दोन थेंब घेऊन बाहेर आला. त्याने तो कागद उजेडात धरला, नाकाजवळ नेला, मग तिच्या हातात दिला.

नेरिडाला गाड्यांतलं फार कळत नव्हतं, पण केल्विनच्या शेजारी उभी राहून तिने हे ऑइल पाहिलेलं होतं. नवीन असताना ते चेरीच्या सरबतासारखं लाल असतं, जुनं झालं की तपकिरी होतं. हे काळं होतं. आणि त्याला वास होता, तव्यावर काहीतरी करपून चिकटल्यासारखा.

"गेल्या वर्षी सर्व्हिसिंगला मीच पाहिलं होतं," थिओ म्हणाला. "तपकिरी होतं. प्रवासाच्या आधी बदलू म्हणालो होतो, आठवतं? तेव्हा हा वास नव्हता."

"एक वर्ष गेलं ना मध्ये."

"वर्षाने ऑइल जुनं होतं, मिसेस पॅस्को. असं जळत नाही. कॅराव्हॅन कुठे नेली होती?"

ती हसली. कॅराव्हॅन केल्विन गेल्यापासून शेडमधून हललेली नाही, ती म्हणाली, आणि गाडी दुकानापासून धक्क्यापर्यंत आणि धक्क्यापासून घरापर्यंत, एवढीच.

थिओने मान हलवली. "कुणीतरी भारी ओझं ओढलंय हिने. लांबवर, समोरून वारा असताना, आणि गिअर खाली न आणता. सरळ डी-मध्ये टाकून. गिअरबॉक्स सारखा वरखाली होत राहतो, तापतो, आणि मग हे असं होतं."

कॅराव्हॅन ओढताना सगळ्यात वरचा गिअर लागू द्यायचा नाही, हे केल्विनने तिला इतक्या वेळा सांगितलं होतं की ती ते झोपेतही बोलली असती. ती म्हणाली, तुझी काहीतरी चूक होतेय. थिओने वाद घातला नाही. त्याने फक्त एवढंच सांगितलं की आता मशीनचा विचार करण्याआधी जरा थांबा. अशा जळलेल्या ऑइलमध्ये क्लचच्या प्लेटींची झीज मिसळलेली असते. मशीनने सगळं एकदम धुऊन काढलं तर आतला साचलेला गाळ सुटून बारीक वाटांमध्ये अडकू शकतो, आणि झिजलेल्या प्लेटी नव्या ऑइलवर घसरायला लागतात. काही गाड्या धुतल्यावर दहा वर्षं चालल्या, काही गॅरेजच्या दारातून बाहेरही पडल्या नाहीत. यात छातीठोकपणे कोणीच काही सांगू शकणार नाही, तो म्हणाला. घरी जा, विचार करा.

घरी येईपर्यंत तिने विचार केला तो गिअरबॉक्सचा नव्हता. ऑपरेशनसाठी ती ॲडलेडला गेली होती आणि बरी होईपर्यंत लेकीकडे, टॅम्सिनकडे राहिली होती. तेव्हा गाडीची किल्ली जोसलिनकडे होती. आठवड्यातून एकदा गाडी सुरू कर, बॅटरी उतरते, असं नेरिडानेच सांगितलं होतं. जोसलिनने वाटलं तर बाजारात नेली असेल. पण जोसलिनला रिव्हर्स घेताना कुंपण दिसत नाही. ती कसली ओझी ओढतेय?

तिने शेड उघडलं. कॅराव्हॅन होती तिथेच होती, झाकलेली. तिने आवरण बाजूला केलं, दार उघडून आत चढली. सगळं जागच्या जागी होतं. भांडी, पडदे, केल्विनचा गळ. नुसतं जागच्या जागी नव्हे, स्वच्छ होतं. इतकी वर्षं बंद असलेल्या जागेवर धुळीचा थर हवा, तो नव्हता. ओट्याखालचं गॅसचं सिलिंडर तिने सहज हलवून पाहिलं. केल्विनने ते भरून आणलं होतं आणि ते एकदाही वापरलं गेलं नव्हतं, हे तिला पक्कं माहीत होतं. ते एका हाताने उचललं गेलं.

ती बराच वेळ कॅराव्हॅनच्या पायरीवर बसून राहिली. मग उठून रस्ता ओलांडून आल्फकडे गेली. आल्फ रॉजर्स म्हातारा, बायको गेलेली, सबंध दिवस पुढच्या अंगणात जिरेनियमना पाणी घालत उभा. रस्त्यावरून काय गेलं आणि काय आलं, हे त्याच्याइतकं कोणालाच ठाऊक नसे.

तिने सरळ विचारलं नाही. ती म्हणाली, कॅराव्हॅनचं चाक जरा बसलंय, गेल्या हिवाळ्यात बाहेर काढली होती तेव्हा तुम्हाला काही दिसलं का?

"चाकाचं नाही बुवा पाहिलं," आल्फ म्हणाला. "मर्व्ह चालवत होता. मी हात केला, त्यानेही केला. ऑगस्टमध्ये गेली, महिनाअखेरीला आली. पांढऱ्या धुळीने नुसती माखलेली. दोघं बहीणभाऊ दोन दिवस पाइप लावून धूत होते. मी म्हटलं, नेरिडाची मजा आहे, घरबसल्या गाडी धुऊन मिळतेय." मग तिच्या चेहऱ्याकडे पाहून तो थांबला. "तूच दिली होतीस ना?"

"हो," ती म्हणाली. "मीच दिली होती."

असं का म्हटलं, ते तिचं तिलाच कळलं नाही. एवढंच कळलं की आपल्याला माहीत नव्हतं हे आल्फला कळू द्यायचं नाही.

मर्व्ह म्हणजे जोसलिनचा भाऊ, मेटलंडकडे शेती होती ती विकून बसलेला, मोठमोठ्याने बोलणारा. आपल्याला कोणतीही गाडी चालवता येते हे सांगायला त्याला निमित्त लागत नसे. पांढरी धूळ म्हणजे चुनखडीची. ती इथे कुठेही नाही. ती पश्चिमेला, नलारबॉरच्या रस्त्याला.

पुढचा गुरुवार येईपर्यंत नेरिडाने कुंपणाकडचा पडदा उघडला नाही. तिला राग यायला हवा होता, आणि येतही होता, पण तो सारखा निसटायचा आणि त्याच्या जागी उन्हाळ्यातला एकेक गुरुवार आठवायचा. कड्यावर थंडी असेल का गं, जाडा स्वेटर घेऊ का, हे जोसलिनने विचारलं होतं. पेनॉंगजवळच्या गुलाबी तळ्याला जायला मुख्य रस्ता सोडून किती आत जावं लागतं, यावर तिने पैज लावली होती. ती पैज नेरिडा जिंकली होती. जिंकल्यावर जोसलिनने बेकरीतून पास्टी, मांस-बटाटा भरलेली मोठी करंजी, आणून खाऊ घातली होती, आणि दोघी हसल्या होत्या. ती मुद्दाम हरली होती. नेरिडाने मनातल्या मनात तो सगळा उन्हाळा पुन्हा एकदा पाहिला आणि प्रत्येक संध्याकाळी समोर बसलेली बाई कोण होती, ते तिला कळेना.

गुरुवारी जोसलिन नेहमीसारखी मागच्या दाराने आली. हातात उकडलेल्या खेकड्यांचं भांडं होतं. सकाळी धक्क्यावर पकडलेले. नेरिडाने नकाशा आधीच पसरून ठेवला होता. तिने ठरवलं होतं की आपण काही बोलायचं नाही. जोसलिनला एक संधी द्यायची. तिने स्वतःहून सांगितलं तर ऐकून घ्यायचं, काय असेल ते.

चहा झाला. खेकड्यांच्या नांग्या फोडून झाल्या. जोसलिन वाटेवरच्या सेडुनाच्या मुक्कामाबद्दल बोलत होती.

"जोस," नेरिडा म्हणाली, "देवमासे कड्याच्या किती जवळ येत असतील? अगदी खाली दिसत असतील का?"

जोसलिनने बोटं पुसली. नकाशावर जिथे जमीन संपते तिथे तिने क्षणभर पाहिलं.

"मला काय माहीत? मी कुठे पाहिलेत? टीव्हीवर पाहिलं तेवढंच."

नेरिडाने नकाशाची घडी घातली. सावकाश, एकेक पदर.

"गाडीच्या गिअरबॉक्सचं ऑइल जळलंय," ती म्हणाली. "थिओ म्हणतो, वाऱ्याविरुद्ध भारी ओझं ओढलंय. मर्व्हला कोणी सांगितलं नाही का, गिअर खाली ठेवायचा म्हणून?"

जोसलिनचा चेहरा पडला नाही, लालही झाला नाही. तो एकदम थकलेला दिसला, एवढंच. तिने भांड्याचं झाकण उचललं आणि पुन्हा ठेवलं.

"मी सांगणार होते," ती म्हणाली.

"कधी?"

"आल्या आल्याच सांगणार होते. तू ॲडलेडहून आलीस ती कुबड्या घेऊन, आणि पहिलं वाक्य काय बोललीस आठवतं? की पुढच्या वर्षी नक्की, जोस, पुढच्या वर्षी आपण दोघी. मग मी कसं सांगू?"

"तोंडाने."

"बोल, बोल. तुझा हक्क आहे." जोसलिन खुर्चीत मागे टेकली. "पण मलाही एक सांगू दे. किती वर्षं आपण हा नकाशा उघडतोय? दर वर्षी काहीतरी निघतं. छप्पर निघतं, गुडघा निघतो. तुला जायचंच नव्हतं, नेरिडा. तुला हा नकाशा घेऊन बसायचं होतं. केल्विनच्या खुर्चीत मला बसवून त्याचा बेत चालू ठेवायचा होता. मला मात्र देवमासे बघायचे होते. माझं वय काही थांबत नाहीये. मर्व्ह म्हणाला, गाडी उभी आहे, कॅराव्हॅन उभी आहे, चल. आणि मी गेले."

यातलं काही खरं असेलही, असं नेरिडाला वाटलं, आणि त्यानेच ती जास्त दुखावली. जायचं होतं तर मागायचं होतंस, ती म्हणाली. मी नाही म्हटलं नसतं.

"नाही म्हटली नसतीस. पण तुझा पडलेला चेहरा मला तिथपर्यंत बरोबर न्यावा लागला असता."

"गेलीस त्याचं एक वेळ सोड," नेरिडा म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "पण नंतर सबंध उन्हाळा इथे बसून तू मला विचारत होतीस, तिथे थंडी असेल का म्हणून. मी तुला समजावून सांगत होते, जोस. पुस्तकात बघून. तू मान डोलावत होतीस. तुला माझी कीव येत होती की हसू येत होतं?"

जोसलिनने नांग्यांची टरफलं एका बाजूला लोटली. मग, जणू आपल्यावरचं ओझं थोडं दुसऱ्या कुणाच्या डोक्यावर द्यावं, अशा घाईने ती म्हणाली, "मी लपवून नाही नेली. टॅम्सिनला विचारलं होतं."

खिडकीबाहेर सायलोकडे जाणारा धान्याचा ट्रक गेला. तो पार पुढे जाईपर्यंत नेरिडाला समजलंच नाही की आपण काय ऐकलं.

"टॅम्सिनला?"

"फोन केला होता. म्हटलं, आम्हाला यायला महिनाअखेर होईल. तेवढे दिवस तिला ठेवून घे. आल्यावर मी सांगते सगळं. ती म्हणाली, बरं."

जोसलिन भांडं तिथेच ठेवून गेली. जाताना दारात थांबून तिने काहीतरी म्हटलं, क्षमा वगैरे असावं, पण नेरिडाने ते ऐकून घेतलं नाही.

त्या ऑगस्टमधले ते शेवटचे दोन आठवडे. आता नेरिडा एकटी टेबलाशी बसली आणि ते दिवस तिच्या डोळ्यांपुढून गेले. डॉक्टरांनी घरी जायला हरकत नाही म्हणून सांगितलं होतं. तिने पिशवी भरायला घेतली होती, आणि टॅम्सिन दारात उभी राहून म्हणाली होती, आई, एवढ्यात कशाला जातेस, राहा ना अजून थोडे दिवस. टॅम्सिन कधी असं म्हणणाऱ्यातली नव्हती. लहानपणापासून वडिलांची, आईशी तिचं नेहमी कामापुरतं. त्या दिवसांत तिने रजा घेतली होती. भोपळ्याचं सूप केलं होतं. बोटॅनिक गार्डनमध्ये आईला हळूहळू फिरवलं होतं, एका बाकावरून दुसऱ्या बाकापर्यंत, तिच्या दंडाला धरून. एकदा तिने आईचे केस धुऊन दिले होते, न्हाणीघरात खुर्ची टाकून. घरी आल्यावर नेरिडाने हे सगळ्यात आधी कोणाला सांगितलं असेल तर जोसलिनला. लेकीला माझी माया आली गं, उशिरा का होईना. जोसलिनने ऐकलं होतं आणि म्हटलं होतं, बघ, मी म्हणत नव्हते?

तिने त्याच संध्याकाळी फोन केला. टॅम्सिन आधी गोंधळली, मग जरा चिडली. आई, तू गाडी वापरत नव्हतीस, ती म्हणाली. कॅराव्हॅन तर कोणीच वापरत नव्हतं. जोस आपल्यासाठी इतकं करते, दोन आठवड्यांचा काय एवढा प्रश्न? ती सांगणार होती तुला. तिने सांगितलं नाही, हे मला कसं कळणार?

"मी गाडीचं नाही विचारत," नेरिडा म्हणाली. "तू मला राहा म्हणालीस, ते का म्हणालीस?"

टॅम्सिन खोटं बोलणारी नव्हती. निदान सरळ विचारलं तर नव्हती.

"सुरुवातीला त्याचसाठी," ती म्हणाली. "पण मग बरं वाटलं, आई. खरंच बरं वाटलं मला."

नेरिडाने बरं म्हटलं आणि फोन ठेवला. लेक खरं बोलली होती, हे तिला कळत होतं. पण सूप आठवलं की आता त्याच्या आधी तो फोन आठवे, आणि बाकावर बसलेली असताना टॅम्सिनने घड्याळात पाहिलं होतं का, हे ती आठवत बसे.

सोमवारी ती थिओकडे गेली आणि म्हणाली, "मशीनने धुऊन टाक. कडिनाला पाठव. सगळं निघू दे. काय व्हायचं ते एकदाच होऊ दे."

थिओने हातातलं फडकं बाकावर ठेवलं. या बाईच्या घरी काय झालं, ते त्याला माहीत नव्हतं. गावात त्या दिवसांत भेटलेल्यांपैकी ज्याला खरोखरच काही माहीत नव्हतं असा तो एकटाच, आणि त्यामुळे त्याच्यासमोर उभं राहणं तिला जरा सोपं जात होतं.

"ठीक आहे," तो म्हणाला. "गाडी तुमची. पण मला एक सांगा, गाडी चालायला हवी आहे ना तुम्हाला?"

"म्हणजे?"

"म्हणजे काही लोक येतात ते गाडी दुरुस्त करायला नाही येत. त्यांना तिचा सोक्षमोक्ष लावायचा असतो. तसं असेल तर मशीन बरं. एका दिवसात कळेल."

तिला त्याचा राग आला. मग तिथल्याच एका जुन्या गाडीच्या सुट्या सीटवर ती बसली आणि म्हणाली, दुसरा मार्ग सांग.

दुसरा मार्ग वेळखाऊ होता. खालचं बूच काढलं की वाहून जाईल तेवढंच ऑइल जाऊ द्यायचं. ते निम्म्याहून कमीच निघतं, बाकीचं आत अडकून राहतं. खालचा ट्रे उतरवून पुसायचा, फिल्टर बदलायचा, जेवढं निघालं तेवढंच नवीन भरायचं. मग गाडी काही दिवस बेताने चालवायची, म्हणजे जुनं-नवं मिसळतं. मग पुन्हा तसंच. मग पुन्हा. दर वेळी घाण थोडी कमी होत जाते, आणि आतल्या झिजलेल्या भागांना एकदम धक्का बसत नाही. पूर्ण नवं कधीच होत नाही, थोडं जुनं राहतंच, थिओ म्हणाला. काही न करता तशीच चालवायची, हाही एक मार्ग आहे, पण या वासाला मी तो सांगणार नाही.

"आणि हे केल्यावर कॅराव्हॅन ओढेल?"

"ओढेल कदाचित. पण मी ओढू देणार नाही. सेडुनाच्या पलीकडे गिअरबॉक्स बसला तर तिथे तुम्हाला कोणी वाली नाही."

तिने थोडा विचार केला. मशीनने धुवायचं तर आजच्या आज काहीतरी निकाल लागणार होता, आणि तिला निकाल हवा होता. पण गाडीने तिचं काही वाकडं केलं नव्हतं. गाडी बिचारी सांगेल तिथे गेली होती.

"ट्रे उतरव," ती म्हणाली.

ट्रे उतरला तेव्हा ती शेजारी उभी होती. तळाच्या लोहचुंबकांवर करडा लगदा बसला होता, त्यात दोन-चार बारीक कीस चमकत होते. थिओने ते बोटावर घेऊन पाहिले आणि नाक मुरडलं, पण फार नाही. याहून वाईट पाहिलंय, तो म्हणाला. काळं ऑइल बादलीत पडत राहिलं. नवीन भरल्यावर गाडी सुरू केली, गरम होऊ दिली, एकेक गिअर टाकून पाहिला. दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना ती किंचित थरथरली.

ते थरथरणं पुढच्या खेपेला कमी झालं. तिसऱ्या खेपेला कागदावरचा थेंब लाल नव्हता, पण काळाही नव्हता, आणि जळका वास जवळजवळ गेला होता. मधल्या काळात नेरिडा रोज गाडी काढायची. मूंटा, पोर्ट ह्यूज, कधी कडिना. बेताने, थिओने सांगितलं होतं तशी. जोसलिनने एकदा कुंपणावरून हाक मारली, लिंबं हवीत का विचारलं. नेरिडाने नको म्हटलं. कडवटपणे नाही, पण नको. खेकड्यांचं भांडं तिने स्वच्छ करून जोसलिनच्या पायरीवर ठेवून दिलं होतं. गुरुवारी मागचं दार आतून लावलेलं असे. पुढे एकदा जोसलिनची चिठ्ठीही येऊन पडली, मर्व्ह गिअरबॉक्सचं सगळं करून द्यायला तयार आहे म्हणून. नेरिडाने ती गॅरेजवर थिओच्या चहाच्या मगाखाली ठेवली आणि तिथेच विसरली.

हिवाळा लागला. बाइटला देवमासे आल्याच्या बातम्या टीव्हीवर दिसायला लागल्या. थिओ म्हणाला, कॅराव्हॅन नाही, पण नुसती गाडी घेऊन जायला आता हरकत नाही. जाऊन या पश्चिमेला. तिने मान हलवली. तिकडे जायचं तिच्या मनातून गेलं होतं. तिथल्या कड्यावर उभी राहिली असती तरी तिला समुद्र दिसला नसता. जोसलिन इथेच उभी राहिली असेल की थोडी पलीकडे, मर्व्हने फोटो कुठून काढला असेल, हेच दिसलं असतं. तो बेत आधी केल्विनचा होता, मग दोघींचा. आता तो वापरून झाला होता.

एका सकाळी तिने मागच्या सीट आडव्या करून त्यावर गादी टाकली, शेगडी घेतली, दोन पांघरुणं घेतली. कोणाला सांगितलं नाही. आल्फने नळी बाजूला धरून हात केला, तिनेही केला. पश्चिमेचा रस्ता सोडून ती दक्षिणेला वळली, ॲडलेडला वळसा घातला, मरे नदी ओलांडली, आणि दुपार कलता कलता कूरोंगच्या खाजणाजवळच्या मेनिंगीला, तळ्याकाठी, पोचली. इथलं तिला काहीच माहीत नव्हतं. इथला नकाशा तिने कोणाबरोबर पाहिला नव्हता. उथळ पाण्यावर पेलिकन बसले होते, वारा होता, आणि काठावर एक माणूस जाळं उलगडत स्वतःशीच शिव्या देत होता.

तिने शेगडीवर पाणी ठेवलं. गाडीचं बॉनेट उघडून, इंजीन चालू ठेवून, गरम असतानाच गिअरबॉक्सच्या ऑइलची पट्टी काढून पाहिली, थिओने शिकवलं होतं तशी. पातळी बरोबर होती.

तेवढ्यात फोन वाजला. टॅम्सिन. नेरिडाने तो वाजू दिला, मग उचलला.

"आई, कुठे आहेस? घरचा फोन लागत नाही. जोस म्हणते, गाडी दिसत नाहीये."

"गाडी छान चालतेय," नेरिडा म्हणाली.

"पण आहेस कुठे?"

पाण्यावरून एक पेलिकन उठला, जड, पाय ओढत, आणि थोडं पुढे जाऊन पुन्हा बसला.

"बाहेर आहे," ती म्हणाली. "आल्यावर सांगेन."

तिने फोन ठेवला आणि चहात दूध घातलं.